चोपन्न वर्षे जास्तीची

1998 साली माझ्या हातून इंग्लंडमधल्या एका गोल्फ क्लबचे वय 54 वर्षांनी वाढले. त्या वेळी मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिझाईन मास्तर होतो. मुंबईच्या एका एजंटाने 3,000 गोल्फ टॉवेलांची ऑर्डर आणली होती. टॉवेलाची जमीन गडद हिरवी, तिच्यावर पांढऱ्या रंगात क्लबचे मानचिन्ह आणि मानचिन्हाखाली स्थापनेचे वर्ष, 1893. विणकामात पार्श्वभूमीच्या रंगाला आम्ही जमीनच म्हणतो. या शब्दाकडे मी त्याआधी कधी लक्ष दिले नव्हते.

गोल्फ टॉवेल ही चीज आमच्यासाठी तेव्हा नवी होती. आकार साधारण हात पुसायच्या टॉवेलाएवढा, उभ्या तीन घड्या, एका कोपऱ्यात पितळी कडी आणि तिच्यात अडकवलेला आकडा, म्हणजे तो काठ्यांच्या पिशवीला लटकवता यावा. चेंडूला लागलेली माती आणि काठीच्या पात्यात अडकलेले गवत पुसणे एवढेच त्याचे काम. मी फॅक्सवर आलेल्या नमुन्यावरून ग्राफ भरायला बसलो. जेकार्ड म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारे मागावरचे यंत्र. त्याच्या ग्राफमध्ये एक चौकोन म्हणजे टॉवेलावर उभा राहणारा एक फंदा, त्यामुळे आकडा असो की सिंहाची शेपटी, हाताला ते सगळे चौकोनच दिसतात. फॅक्सचा कागद पुसट होता हे खरे, पण खरे कारण ते नव्हे. सलग तिसऱ्या रात्रीच्या जागरणात मी 9 आणि 3 यांची अदलाबदल केली, कार्डे तशीच मारली गेली, आणि मागावर एका पन्ह्यात तीन-तीन टॉवेल 1839 हे वर्ष मिरवत उतरू लागले. कडी लागली, घडी झाली, पेट्या भरल्या, माल मुंबईच्या गोदामात पोहोचला, आणि मग क्लबकडे पाठवलेल्या नमुन्याच्या टॉवेलाला उत्तर आले.

"मास्तर, चेंडू पुसायच्या फडक्यावर साल कोण वाचतंय हो?" मालकांनी मला विचारले, आणि मलाही तेच वाटत होते. आम्ही दर कमी करून पाहिला. आम्ही तर क्लबला 54 वर्षे फुकट दिली होती, त्याचे कुणालाच काही वाटू नये? एजंटाने फोनवर समजावले की शेजारच्या परगण्यातला क्लब यांच्यापेक्षा जुना आहे, दोघांत त्यावरून शंभर वर्षे चेष्टा चालते, आणि हे टॉवेल लटकवून ते तिथे खेळायला गेले तर चोरीचे वय घेऊन आले असे म्हणतील. माल ट्रकमधून परत सोलापूरला आला.

त्या प्रकरणात माझी नोकरी गेली नाही, पण वर्षाचा हा आकडा डोक्यात बसला. आमच्या गावातही वर्षांचा अभिमान आहे. सोलापूरची जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली हे पूर्वभागातला कोणताही म्हातारा सांगेल, पण ते भोंग्याच्या आठवणीने सांगेल, कपाळावर विणून नव्हे. म्हणून मी आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि पुढे इंटरनेट आल्यावर त्यावर, जुन्या गोल्फ क्लबांचे इतिहास वाचू लागलो. खेळ मी आजही खेळत नाही. मात्र या इतिहासांतली एक गोष्ट मला खेळणाऱ्यांपेक्षा जास्त जाणवली असावी, कारण माझे काम जमीन आणि तिच्यावरचा आकडा यांच्याशी होते. या क्लबांचा आकडा पक्का असतो आणि जमीन फिरती असते.

आकड्याची ओढ किती जबर आहे हे पाहायचे तर लंडनजवळच्या रॉयल ब्लॅकहीथचे उदाहरण घ्यावे. 1603 मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला, त्याच्यासोबत स्कॉटिश दरबारी लंडनला आले आणि ते ब्लॅकहीथच्या माळावर गोल्फ खेळू लागले, अशी परंपरा सांगत हा क्लब आपला आरंभ 1608 चा मानतो. हातात धरता येईल असा पुरावा म्हणजे तिथली चांदीची काठी, आणि ती 1766 ची. मधल्या 158 वर्षांचा हिशेब परंपरेच्या खात्यावर आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा रॉयल बर्जेस क्लब 1735 सांगतो. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा जरा हलके वाटले. आमची तर 54 च होती, आणि तीही झोपेमुळे.

खेळ अर्थातच या सगळ्यांपेक्षा जुना आहे. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्याच्या मागे लागले होते. पण क्लब म्हणजे नुसते खेळणारे लोक नव्हेत. नियम, वर्गणी, नोंदवही आणि जेवणाचे टेबल असलेली मंडळी म्हणजे क्लब, आणि त्या अर्थाने कागद हातात असलेले वर्ष 1744 आहे. त्या वर्षी मार्चमध्ये एडिंबरोच्या नगरसभेने लीथच्या माळावर खेळणाऱ्या गृहस्थांना स्पर्धेसाठी चांदीची काठी दिली. स्पर्धा म्हटली की भांडणे आली, म्हणून त्यांनी 13 नियम लिहून काढले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. ती पहिली स्पर्धा जॉन रॅट्रे नावाच्या एका शल्यवैद्याने जिंकली. पुढच्याच वर्षी तो बंडखोर राजपुत्राच्या बाजूने युद्धात ओढला गेला, पराभवानंतर पकडला गेला, आणि त्याच्यासाठी रदबदली करणारा न्यायाधीश डंकन फोर्ब्स हा त्याचा मैदानावरचा सोबती होता. क्लबचे सभासदत्व फासापासून वाचवते हे उदाहरण मात्र कोणत्याही क्लबच्या माहितीपत्रकात मला दिसले नाही.

या मंडळींचा पुढचा प्रवास मी नकाशावर बोट ठेवून पाहिला. लीथच्या माळावर पाचच गल होत्या. गल म्हणजे चेंडू जिथे पाडायचा ते भोक. आमच्याकडे गोट्या आणि विटीदांडू खेळताना हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच वापरतो. तो माळ सार्वजनिक होता, त्यावर कपडे वाळत, गुरे चरत, फौजेच्या कवायती होत. गर्दी असह्य झाली तेव्हा 1836 मध्ये क्लब मसलबरोला गेला. तिथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातच गोल्फ चाले आणि आणखी दोन-चार क्लब तीच जागा वापरत. तिथेही दाटी झाली, तेव्हा 1891 मध्ये क्लबने म्यूरफील्ड येथे आपली जागा घेतली. ते मैदान ओल्ड टॉम मॉरिस या त्या काळच्या नामांकित खेळाडूने आखले आणि दुसऱ्याच वर्षी ओपन, म्हणजे ब्रिटनमधली गोल्फची सर्वांत मानाची स्पर्धाही तिकडे गेली. म्हणजे स्थापनेनंतर तब्बल 147 वर्षे या क्लबकडे स्वतःचे म्हणावे असे मैदान नव्हते. तो दुसऱ्यांच्या जमिनीवर, गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या मधून वाट काढत खेळला, आणि तरीही तो तोच क्लब राहिला, कारण चांदीची काठी, नोंदवही आणि 1744 हा आकडा त्याने प्रत्येक वेळी गाडीत घालून सोबत नेला.

जागा स्वतःची झाली की भिंत येते. म्यूरफील्डभोवती करड्या दगडाची भिंत आहे, आणि तिच्याआतले नियमही बराच काळ तितकेच पक्के होते. महिलांना सभासद करून घ्यावे का यावर 2016 मध्ये मतदान झाले. बहुमत बाजूने होते, पण लागणारे दोन तृतीयांश नव्हते, ठराव पडला आणि ओपन भरवणाऱ्या मैदानांच्या यादीतून ते मैदान काढण्यात आले. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान होऊन ठराव संमत झाला. 1744 पासून 2017 पर्यंत 273 वर्षे होतात. वय वाढवायला जी माणसे इतकी उत्सुक असतात, त्यांना वयात यायला इतका उशीर लागावा याची मला गंमत वाटते.

स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज या गावाची गोष्ट नेमकी उलटी आहे आणि मला ती जास्त आवडते. जगातला सर्वांत नामांकित गोल्फ क्लब तिथला. 1754 मध्ये 22 सरदार आणि गृहस्थांनी तो सुरू केला, 1834 मध्ये राजाने त्याला रॉयल अँड एन्शंट ही पदवी दिली, आणि 1764 मध्ये तिथल्या मैदानावर पहिल्या चार गलींच्या दोन केल्यामुळे 22 गलींची फेरी 18 ची झाली, तीच संख्या पुढे जगाने उचलली. पण ज्या ओल्ड कोर्समुळे हे सगळे प्रसिद्ध झाले, ते मैदान या क्लबचे नाही. ते गावाचे आहे. 1552 च्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपने समुद्रकाठच्या त्या वाळवंटी कुरणावर गावकऱ्यांचा गुरे चारण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला आणि सशांवरचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे 1797 मध्ये नगरसभा कर्जात बुडाली, कुरण हातचे गेले आणि ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात आले. सशांनी मैदानाची चाळण केली, गोल्फ खेळणारे कोर्टात गेले आणि वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या स्थानिक जमीनदाराने, जो स्वतः खेळाडू होता, ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला, आणि 1894 च्या कायद्याने ती पुन्हा गावाकडे आली. आजही रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ बंद असतो आणि गावातली माणसे कुत्री, मुले घेऊन त्यावर फिरतात. क्लबची दगडी इमारत पहिला फटका मारायच्या जागेच्या मागे उभी राहून हे पाहत असते. तिच्यात आकडा आहे, पदवी आहे, फक्त समोरची जमीन तिची नाही.

सोलापूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या होम मैदानाचे तेच आहे. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या वेळी, सिद्धेश्वराच्या यात्रेत ते देवाचे असते आणि त्याच होमावरून त्याला नाव मिळाले. नंदीध्वज येतात, गड्ड्याची, म्हणजे या यात्रेतल्या बाजाराची, दुकाने लागतात, पाळणे फिरतात. उरलेले वर्ष किल्ल्याच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात पोरे तिथे क्रिकेट खेळतात, एकाच वेळी आठ-दहा सामने, एकाचा मिडऑन तो दुसऱ्याचा स्लिप. लीथच्या माळाचे वर्णन वाचताना मला डोळ्यांसमोर कोणते मैदान दिसत होते हे सांगायला नको.

आमचे परत आलेले टॉवेलही शेवटी तिथेच गेले. 1999 च्या गड्ड्यात मालकांच्या मेहुण्यांनी एक गाळा घेतला आणि हिरवे टॉवेल दहा रुपयांना एक या दराने लावले. दोन संध्याकाळी मीही गाळ्यावर उभा होतो. गिऱ्हाईक टॉवेल उलटून पाहत असे, कारण जेकार्डच्या टॉवेलाची मागची बाजू म्हणजे पुढच्या बाजूचे उलटे जग असते. तिथे जमीन पांढरी, मानचिन्ह हिरवे आणि आकडे आरशातले. "हे 1839 काय आहे?" असे एका बाईंनी विचारले, तेव्हा मेहुण्यांनी डोळ्याची पापणी न लववता सांगितले, "मॉडेल नंबर आहे, ताई." बाईंनी चार घेतले. कोपऱ्यातली पितळी कडी लोकांना फार आवडली. खिळ्याला अडकवायची सोय म्हणून. साऱ्या गोल्फच्या इतिहासात या टॉवेलाचा इतका सरळ उपयोग कुणाला सुचला नसेल. पन्नास-साठ नग तरीही उरले, त्यातले काही माझ्या घरी आले.

भारतातल्या क्लबांकडे मी नंतर वळलो, आणि तिथे कोलकात्यापासूनच सुरुवात करावी लागते. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब तो. 1829 मध्ये दमदमला, जिथे बंगालच्या तोफखान्याची छावणी होती, काही मंडळींनी दमदम गोल्फिंग क्लब काढला. आज त्या दमदमला आपण विमानतळामुळे ओळखतो. तिथून क्लब शहराच्या मैदानावर आला. किल्ल्यासमोरची ही विस्तीर्ण मोकळी जागा फौजेच्या अखत्यारीतली आणि साऱ्या शहराच्या वापरातली, म्हणजे लीथचीच आवृत्ती. 1892 पासून या क्लबने हौशी खेळाडूंची भारतीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. पुढे 1910 च्या सुमारास शहराच्या दक्षिणेला टॉलीगंजमध्ये स्वतःची जागा घेऊन तो तिकडे स्थिरावला, आणि लगेच 1911 मध्ये, बादशहा पंचम जॉर्ज भारतात आले त्या वर्षी, त्याच्या नावामागे रॉयल लागले. छावणीचा माळ, शहराचे मैदान आणि मग कुंपणातली हिरवळ. एडिंबरोच्या मंडळींना ज्या तीन पायऱ्या चढायला दीडशे वर्षे लागली, त्याच तीन पायऱ्या कोलकात्याने ऐंशी वर्षांत चढल्या.

मला यात कापडवाल्याच्या नजरेने आणखी एक धागा दिसतो. कोलकात्याच्या तागाच्या धंद्यात स्कॉटिश माणसे गच्च भरली होती, कारण त्या तागाचे कापड विणणारे डंडी हे शहर स्कॉटलंडमधले, आणि डंडीपासून टे नदीचे मुख ओलांडले की थोड्याच अंतरावर सेंट अँड्र्यूज. ज्या जहाजांतून ताग तिकडे जात होता, त्यांतून गिरणीचे मॅनेजर आणि त्यांच्या काठ्या इकडे येत होत्या. खेळ देशोदेशी पसरतात ते पुष्कळदा असे, कुणाच्या तरी धंद्याच्या सामानासोबत.

टॉलीगंजची जमीन सखल, भातखाचरांसारखी. तिथे पाण्याची तळी खणली गेली आणि निघालेल्या मातीने बाकीची जमीन उचलली गेली. त्यामुळे तिथे खेळताना सतत कुठल्यातरी तळ्याला चुकवत जावे लागते. स्कॉटलंडमध्ये समुद्राच्या वाऱ्याने वाळूचे खड्डे केले आणि तेच खेळातले अडथळे झाले. बंगालमध्ये ते काम पाण्याने केले. मैदान म्हणजे त्या त्या मुलखाचे हवामानच असते, फक्त त्यावर झेंडे लावलेले असतात.

आणि मैदान म्हणजे त्यावर राबणारी माणसे. 1965 मध्ये याच रॉयल कॅलकटाच्या मैदानावर पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकून इंडियन ओपन जिंकली, आणि ती जिंकणारा तो पहिला भारतीय. हे क्लबच्या इतिहासात ठळक अक्षरांत असणारच. पण मला त्यापेक्षा जवळची वाटते ती शिव शंकर प्रसाद चौरसिया याची गोष्ट. त्याचे वडील याच क्लबमध्ये हिरवळ राखण्याच्या कामावर होते. मुलगा मैदानाच्या कडेला पाहत पाहत खेळ शिकला, 2008 मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. गलीजवळचे नाजूक फटके ही त्याची खासियत आहे. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ गलीभोवतीच्या गवताचीच चर्चा होत असेल, तिथे दुसरे काय होणार?

बाकीच्या क्लबांबद्दल थोडक्यातच सांगतो. मुंबईचा रॉयल क्लब 1842 चा, पण तो पुढे बंद पडला. आकडा राहिला, सांभाळणारे कुणी राहिले नाही. बंगळूरचा क्लब 1876 चा. मुंबईत 1918 मध्ये विलिंग्डन क्लब निघाला, तो भारतीय आणि युरोपीय दोघांनाही सभासद होता यावे म्हणून, आणि त्या काळात एवढे कारण नव्या क्लबला पुरेसे होते.

मला खरे कुतूहल होते ते कोरड्या मुलखातल्या गोल्फचे, कारण आमच्याकडे पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर आणि नळाला पाणी बरीच वर्षे चार-पाच दिवसांआड. अशा मुलखातल्या छावण्यांमध्ये साहेब लोक खेळत ते हिरवळीवर नव्हे. गलीभोवतीची जागा वाळू आणि तेल यांच्या मिश्रणाने घट्ट सारवलेली असे आणि तिला ग्रीनऐवजी ब्राउन म्हणत. चेंडू मारण्याआधी त्यावरचे पायांचे ठसे झाडू किंवा फळीने सारखे करून घ्यायचे. हे मला फार ओळखीचे वाटले. आमच्या लहानपणी अंगण सारवून झाले की ते वाळेपर्यंत त्यावर पाय टाकायची बंदी असे, आणि अंगणात गोट्यांची गल कुणी खणायची यावरून मार मिळत असे.

हिरवळीवर मी स्वतः पाय ठेवला तो अगदी अलीकडे. पुण्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, जो निवृत्तीनंतर गोल्फ खेळू लागला आहे, मला पहाटे आपल्या क्लबमध्ये नेले. तो मित्रांसोबत पुढे गेला, मी दुसऱ्या गलीजवळ एका झाडाखाली थांबलो. जाताना मी माझ्या पिशवीत घरचे उरलेले दोन हिरवे टॉवेल ठेवले होते, का ते मला नीट सांगता येणार नाही. जिथे जायचे होते तिथे एकदा पोहोचावेत एवढेच. पण ते त्याला द्यायला काढावेत तर वर्ष कोणते, क्लब कोणता, हे सगळे पुराण पहाटे सांगावे लागले असते. म्हणून ते पिशवीतच राहिले.

मी वाकून गवत हाताने चाचपले आणि दचकलो. बारीक कापलेली, दाट, जमिनीला चिकटून धावणारी आणि पेरापेराला मूळ धरणारी ती हरळी होती. तीच, जिच्या कोवळ्या तीन पानांच्या दूर्वा आम्ही गणपतीला वाहतो, आणि तीच, जी काळ्या रानात शिरली की शेतकऱ्याची झोप उडते. परदेशात तिला बर्म्युडा म्हणतात आणि जगातल्या उष्ण मुलखांतली पुष्कळ गोल्फ मैदाने तिच्यावर उभी आहेत. स्कॉटलंडचे गवत आपल्या उन्हात टिकत नाही. हिला उन्हाचे काही वाटत नाही, कापावे तितकी ती पसरते.

तेवढ्यात एक माळी हातात लोखंडी कटर घेऊन आला. वय पन्नाशीचे असेल, बोलण्यावरून आमच्याच बाजूचा वाटला आणि निघालाही मोहोळ तालुक्यातला. मी हरळीबद्दल विचारले तर हसला.

"काका, आमच्या रानात हीच हरळी खणून खणून बापाची कंबर गेली. चार-चार बैलांचा नांगर लावायचे तिच्यासाठी. आन् इथं तिला पाणी पाजायचा पगार मिळतोय मला."

मग त्याने काम सुरू केले आणि मी वर्षानुवर्षे वाचलेल्या इतिहासापेक्षा जास्त त्या पाच मिनिटांत पाहिले. गल एका जागी राहत नाही, हे मला माहीत नव्हते. सगळ्यांच्या पायांनी एकाच जागेभोवतीचे गवत मरू नये म्हणून ती हलवावी लागते. त्याने डोळ्यांनी जागा हेरली, दोनदा भोवती फिरून उतार पाहिला, कटर उभा धरला आणि मुठी दोन्ही बाजूंना फिरवत जमिनीत घातला. वर काढला तेव्हा पात्यात मातीचा एक गोल गट्टू होता, वर हरळी, खाली पांढऱ्या मुळांची जाळी, डब्यातून काढलेल्या खरवसासारखा सुबक. नव्या खड्ड्यात त्याने जुन्या गलीतला प्लास्टिकचा पेला बसवला. मग तो गट्टू जुन्या खड्ड्यात अलगद ठेवला, अंगठ्याने कडा दाबल्या, टाचेने हलकेच चेपले आणि बाटलीतले पाणी शिंपडले. मी दोन पावले मागे सरलो, तर जुनी गल कुठे होती ते मला सापडेना.

गलीचा व्यास जगभर एकच आहे, सव्वाचार इंच, आणि हे माप 1891 मध्ये सेंट अँड्र्यूजने ठरवले. पण त्या मापाचा सर्वांत जुना कटर मसलबरोचा आहे, 1829 चा. म्हणजे तिकडे मसलबरोत कुणी लोहार हा पाइप घडवत होता त्याच वर्षी इकडे दमदमच्या छावणीत क्लबच्या वहीचे पहिले पान लिहिले जात होते. हे मी त्या माळ्याला सांगितले. त्याने कटर उलटा करून पात्याची धार पाहिली आणि म्हणाला, "आमचा दोन वर्षांपूर्वीचा आहे. धार लगेच जातीय."

पात्याला माती लागली होती आणि तो ती पँटला पुसणार होता. मी पिशवीतून टॉवेल काढून दिला. त्याने तो उघडला, बोटाने फंदे चोळून पाहिले, सोलापूरचा माणूस जसा पाहतो तसे, आणि मानचिन्हाखालच्या आकड्यावर अंगठा ठेवला.

"1839. हे साल कशाचं, काका?"

"माझ्या चुकीचं," मी म्हणालो.

त्याने पुढे काही विचारले नाही. कटरचे पाते आतून-बाहेरून पुसले, टॉवेलाच्या तीन घड्या केल्या, कोपऱ्यातला आकडा कमरेच्या पट्ट्याला अडकवला आणि पाण्याची बाटली काखेत मारून तो तिसऱ्या गलीकडे निघाला.